पदव्युत्तर वर्गातील प्रौढ विद्यार्थी : परतीच्या वाटेची पार्श्वभूमी

नोकरी-संसारात दहा-पंधरा वर्षे गेल्यावर एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी पुन्हा विद्यापीठाचा अर्ज भरणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "आता या वयात?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, उच्च शिक्षण विशी-पंचविशीत उरकायचे असते आणि त्यानंतर येणारा तो उशिरा आलेला, असे त्याने मनोमन धरलेले असते. विद्यापीठांचा इतिहास पाहिला तर ही समजूत फारशी जुनी नाही. ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात वेळापत्रक, विद्यावेतन आणि निवास यांच्या नियमांतून घट्ट झाली, आणि हे नियम जिथे जिथे सैल झाले तिथे तिथे वयाने मोठी माणसे वर्गात दिसू लागली.

मध्ययुगीन पॅरिसमध्ये चित्र वेगळे होते. पोपचे प्रतिनिधी रॉबेर द कूर्सों यांनी 1215 मध्ये तेथील विद्यापीठासाठी घालून दिलेल्या नियमांनुसार कला शाखेत शिकवण्यासाठी वयाची 21 वर्षे आणि किमान 6 वर्षांचे अध्ययन पुरेसे होते. धर्मशास्त्र शिकवायचे तर मात्र वयाची 35 वर्षे गाठलेली असावीत आणि किमान 8 वर्षांचा अभ्यास झालेला असावा, अशी अट होती. कला शाखेत आधी शिकवायचे आणि मग धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पुन्हा बाकावर बसायचे, हा अनेकांचा क्रम असे. तिशी उलटलेला विद्यार्थी त्या वर्गात कोणाला वावगा वाटत नसे. अर्थात ही दारे फक्त पुरुषांसाठी उघडी होती, हे विसरता येत नाही.

आज आपण ज्याला संशोधनपर पदवी म्हणतो तिची घडण 1810 मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या परंपरेत झाली. ती पद्धत अमेरिकेत गेली. 1861 मध्ये येल विद्यापीठाने तिथल्या पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या आणि 1876 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनाला आपल्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवले. विद्येच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. पण दिवसभर ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत बसू शकणारा, एकट्याचे भागेल एवढ्या विद्यावेतनावर राहणारा, पाठीमागे कोणाची जबाबदारी नसलेला तरुण हाच या व्यवस्थेचा स्वाभाविक विद्यार्थी ठरला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक कॉलेज-फेलोंना, म्हणजे कॉलेजच्या वेतनावर राहून शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या विद्वानांना, लग्न केल्यावर फेलोशिप सोडावी लागत असे. संसार आणि अभ्यास एकत्र नांदत नाहीत, ही समजूत अशी नियमावलीतच लिहिली गेली होती.

या चौकटीला पहिला मोठा तडा लंडनमध्ये गेला. लंडन विद्यापीठाने 1858 मध्ये आपल्या परीक्षा कोठेही शिकलेल्या माणसाला खुल्या केल्या. वर्गात हजर राहण्याची अट गेली, परीक्षेचा कस मात्र तोच राहिला. बहिःस्थ विद्यार्थी ही कल्पना इथून रुजली आणि दिवसा नोकरी करून रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्याला पदवीपर्यंत जाण्याचा रस्ता मिळाला. याच विद्यापीठाने 1878 मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. खंड पडलेला अभ्यास पुन्हा हाती घेण्याची मुभाही तिथे मिळू शके. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडनमध्ये शिकू लागले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले; पण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा जोडून ते 1920 मध्ये पुन्हा गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्या चार वर्षांच्या परवानगीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ती नसती तर जिद्द असूनही दार बंद झाले असते.

याहून लांबलेले उदाहरण नेल्सन मंडेला यांचे आहे. बी.ए. झाल्यावर 1943 मध्ये त्यांनी विटवॉटर्सरँड विद्यापीठात एलएल.बी.ला नाव घातले आणि 1952 मध्ये पदवी न घेताच ते बाहेर पडले. 1962 मध्ये तुरुंगात गेल्यावर लंडन विद्यापीठाचे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तोही प्रयत्न अपुरा राहिला. अखेर 1946 पासून पत्राद्वारे शिक्षण देत असलेल्या दक्षिण आफ्रिका विद्यापीठाकडून 1989 मध्ये, ते अजून कैदेत असतानाच, त्यांना ही पदवी मिळाली. तेव्हा त्यांचे वय 70 होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र परतणाऱ्यांची संख्याच इतकी वाढली की विद्यापीठांना स्वतःला बदलावे लागले. अमेरिकेत 22 जून 1944 रोजी संमत झालेल्या 'जी.आय. बिल' या कायद्याने युद्धावरून आलेल्या सैनिकांना शिक्षणशुल्क, पुस्तके आणि मासिक भत्ता दिला, आणि पाठीमागे कुटुंब असलेल्याला हा भत्ता अधिक ठेवला. ही तरतूद छोटी वाटली तरी मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण विद्यार्थी हा कोणाचा तरी पोशिंदा असू शकतो, हे तिने कायद्याने मान्य केले. सुमारे 22 लाख माजी सैनिक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत दाखल झाले; 1947 मध्ये एकूण प्रवेशांपैकी जवळपास निम्मे त्यांचे होते. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी या योजनेमुळे विद्यापीठांचा दर्जा घसरेल, अशी जाहीर भीती व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ही माणसे अभ्यासाला चिकाटीने बसली, आणि विवाहित विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांच्या आवारात तात्पुरती घरे उभी राहिली. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, वंशभेदामुळे या कायद्याचा पुरेसा लाभ मिळू शकला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत खंड पडण्याचे कारण निराळे होते आणि त्याची दखल उशिरा घेतली गेली. अमेरिकेतील रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजच्या अध्यक्ष मेरी बंटिंग या स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या आणि चार मुलांच्या आई. डॉक्टरेट किंवा तत्सम पात्रता मिळवूनही घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मागे पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी 1960 मध्ये एक संस्था जाहीर केली. पहिली तुकडी 1961 मध्ये आली. तिथे निवड झालेल्या स्त्रीला विद्यावेतन, ग्रंथालयाची मुभा आणि काम करायला जागा मिळे. घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर, मुले झोपल्यावर पुस्तक उघडणाऱ्या बाईसाठी दार लावून बसता येईल अशी खोली म्हणजे काय, हे ज्याने तसा अभ्यास केला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

पुढची पावले परिचित आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 मध्ये 21 वर्षांवरील विद्यार्थ्यांना घेऊन त्याचे वर्ग सुरू झाले. भारतात 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. युरोपात 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्याचा, म्हणजे पदव्यांची रचना सारखी करण्यासाठी तिथल्या देशांनी केलेल्या कराराचा, परिणाम वेगळ्या मार्गाने झाला. तोवर तिथल्या अनेक देशांत पाच-सहा वर्षांची एकच सलग पदवी असे. आता पदवी आणि मास्टर्स असे दोन टप्पे पडले, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये नोकरी करून परत येण्याची जागा आपोआप तयार झाली. फ्रान्सने 2002 च्या कायद्याने याही पुढे जाऊन कामातील अनुभव तपासून त्याच्या आधारे पूर्ण पदवी देण्याची सोय केली. 2014 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठाने संगणकशास्त्रातील मास्टर्स पदवी पूर्णपणे ऑनलाइन सुरू केली, तेव्हा तिच्याकडे वळलेल्यांत नोकरी करणाऱ्यांचाच भरणा होता.

तरीही जुनी चौकट कागदपत्रांत टिकून आहे. इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठी 2016 पासून मिळणारे सरकारी कर्ज वयाच्या साठीनंतर अभ्यास सुरू करणाऱ्याला मिळत नाही. अनेक शिष्यवृत्त्यांच्या अटींत आजही वयाची मर्यादा किंवा 'पदवीनंतर इतक्या वर्षांच्या आत' असे कलम असते. आणि प्रवेशअर्जात बहुधा शेवटी एक चौकट असते : आपल्याला शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडा. वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्याचे प्राध्यापक निवृत्त झालेले असतात, काही हयात नसतात, आणि जे असतात त्यांना शेवटच्या बाकावरचा तो चेहरा आठवेलच असे नाही. काही विभाग अशा वेळी कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे पत्र चालवून घेतात, पण तशी सूचना अर्जावर छापलेली नसते. ती मिळवण्यासाठी विभागाला स्वतंत्र पत्र लिहून विचारावे लागते.