अहवालात दोन आलेख का असतात? : अतिसंवाहक नमुने तपासून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

अतिसंवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर ज्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, पूर्णपणे नाहीसा होतो असा पदार्थ. रोध शून्यावर उतरल्याचा आलेख मिळाल्यावर चुंबकीय मापनाचा वेगळा खर्च कशासाठी, असे मुंबईतील महाविद्यालये आणि संशोधक विद्यार्थी आम्हांला वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास एकाएकी नाहीसा होतो, हे डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये आढळले. मात्र अतिसंवाहक हा नुसता उत्तम वाहक नसतो, तर तो आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर घालवतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. नव्या पदार्थाला या दोन्ही कसोट्या लावाव्याच लागतात.

रोध मोजताना आम्ही नमुन्यावर चार बारीक तारा सिल्व्हर पेस्टने चिकटवतो. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडतो आणि आतल्या दोन तारांमधील व्होल्टेज वाचतो. एकदा असाच एक आलेख ११० केल्विनला सरळ शून्यावर आला आणि आम्ही हरखून गेलो. नमुना बाहेर काढून भिंगाखाली धरला, तेव्हा प्रवाहाची एक तार थंडीने आखडून केसभर सुटलेली दिसली. प्रवाहच वाहत नव्हता, तर व्होल्टेज कोठून येणार? ती चूक सर्वस्वी आमची होती. जोडणी निर्दोष असली तरी एक अडचण उरतेच: नमुन्यात अतिसंवाहक कणांची एखादी सलग वाट असली, तरी रोध शून्य दिसतो. उरलेला पदार्थ कसा आहे, हे त्यावरून कळत नाही. चुंबकीय मापनातून त्याचा अंदाज येतो. त्यासाठी नमुना आधी क्षेत्राविना आणि नंतर क्षेत्रात थंड करून दोन वक्र घेतले जातात.

२०२३ मध्ये दक्षिण कोरियातून आलेल्या एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाही अतिसंवाहक असल्याचा दावा याच ठिकाणी कोसळला. रोधातील मोठी घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती, आणि चुंबकावर अर्धवट उचलले जाणारे तुकडे पाहून अतिसंवाहकता सिद्ध होत नव्हती.

आता आपल्या शहरातील उदाहरण. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगातील अतिसंवाहकता प्रसिद्ध केली. मुंबईकर म्हणून आम्हांला त्याचा मनापासून अभिमान आहे. याच कुळातील एर्बियमचे संयुग सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक होते आणि सुमारे ६ केल्विनला त्यातील एर्बियमचे चुंबकीय आघूर्ण (म्हणजे अणूंची सूक्ष्म चुंबके) शिस्तीत मांडले जातात, तरीही अतिसंवाहकता टिकून राहते. चुंबकत्व अतिसंवाहकतेचा घात करते, ही नेहमीची समजूत येथे अपुरी पडते. रोध आधीच शून्य झालेला असल्याने ६ केल्विनची ही घडामोड त्या आलेखात उमटतच नाही.

नमुना पाठवताना त्याचे वजन मिलिग्रॅममध्ये अवश्य कळवावे, कारण अतिसंवाहक भागाचे प्रमाण त्याशिवाय काढता येत नाही. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या गोळ्या दमट हवेत खराब होतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्या सिलिका जेलसह हवाबंद डबीतच पाठवाव्यात. नमुना लोखंडी चिमट्याने उचलू नये, प्लॅस्टिकचा चिमटा वापरावा. पृष्ठभागाला चिकटलेला लोखंडाचा सूक्ष्म कणही चुंबकीय आलेखात ठळकपणे दिसतो.