चढण दमवते, उतरण दुखवते

येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर पहाटे पळायला येणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एक, सैन्यभरतीच्या १६०० मीटरसाठी घाम गाळणारी पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आसपासच्या गावांत ही तयारी चाललेलीच असते. दुसरे, नोकरीधंदा सांभाळून दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन पळणारे हौशी. व्यायाम दोघांचाही तोच: मिनिटभर जोर लावून चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. मी लिहितोय ते दुसऱ्यांसाठी, कारण विशीतले पाय पुष्कळ काही खपवून घेतात.

१०० मीटरला ८ मीटर उंची चढणारा रस्ता धरू. २०० मीटरच्या एका फेरीत तुम्ही १६ मीटर वर जाता, म्हणजे पाच मजले. सपाटीवर प्रत्येक पावलाला टाचेमागचा अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा चिवट पट्टा) ताणला जातो आणि पाय उचलताना ती ऊर्जा बरीचशी परत करतो. चढावर एवढ्याने भागत नाही. अंग वर उचलायची ऊर्जा पोटऱ्या, मांड्या आणि पार्श्वभागाच्या स्नायूंना नव्याने घालावी लागते. अंतर तेवढंच, पण खर्च जवळपास दीडपट. म्हणून वेग कमी असूनही धाप लागते.

इथे मनगटावरच्या घड्याळाकडे बघून जोर ठरवू नका. पहिले काही सेकंद स्नायू आपल्याजवळच्या फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे साठवलेल्या झटपट इंधनावर, चालतात, मग ऑक्सिजनशिवाय साखर मोडण्याची प्रक्रिया मोठा वाटा उचलते. ऑक्सिजनचा पुरवठा आणि नाडीचे ठोके मागून चढत येतात. घड्याळात मोठा आकडा दिसेपर्यंत फेरी संपत आलेली असते. त्यापेक्षा श्वास खरं सांगतो: दोन-तीन शब्द बोलता येतील, पूर्ण वाक्य नाही, एवढा जोर बास. आणि शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळा दम काढला, तर पुढच्या फेऱ्या नुसती ओढाताण होते.

चढाचा दुसरा फायदा सांध्यांना. २००५ मध्ये गॉटशॉल आणि क्रॅम या संशोधकांनी पाऊल टेकताना बसणारा धक्का मोजला. नऊ अंशांच्या चढावर तो सपाटीपेक्षा ३९ टक्के कमी भरला. तेवढ्याच उतारावर मात्र ५४ टक्के जास्त! जोराचा व्यायाम आणि कमी आदळआपट, हे गणित फक्त वर जाताना जुळतं.

म्हणूनच खाली धावत सुटणारे लोक दिसले की काळजी वाटते. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाला ब्रेक लावत असतो. असा ताण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा करतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कळवळतात त्या यामुळे. लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण लॅक्टेट, म्हणजे त्याचंच शरीरातलं रूप, तासाभरात पूर्वपदावर येतं. दोन दिवसांनंतरच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

तर उतरताना चाला, किंवा अगदी हळू, छोटी पावलं टाकत या. त्या दोन-तीन मिनिटांत फॉस्फोक्रिएटिनही बऱ्यापैकी भरून येतं. ज्यांना डोंगरातली शर्यत पळायची आहे त्यांनी उतारही सरावात घ्यावा, पण थोडा आणि वेगळ्या दिवशी. एकदा बेताने सोसलेला उतार स्नायूंना पुढचे काही आठवडे सावरून धरतो.

पहाटे अंगाचं तापमान कमी असतं, त्यातून इथली थंडी. आधी पंधरा मिनिटं सपाटीवर हळू पळा. सुरुवातीला आठवड्यातून एकदा चार फेऱ्या पुरेत, महिन्याभराने सहा-आठ. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, तिथे पाय टाकू नका. आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेच्या मागे दुखत असेल, तर चढ तूर्त बंद. चढावर घोटा जास्त वाकतो आणि तो टेंडन आणखी ताणला जातो. दुखणं थांबेपर्यंत सपाटीवरच पळा.