तजवीद: कुराणपठणाचे नियम कसे घडले

कुराण सावकाश, नीट उच्चारून म्हणावे, हा आदेश कुराणातच आहे (73:4). पण म्हणजे नेमके कसे, याचे शास्त्र, तजवीद, स्वतंत्रपणे लिहिले गेले ते दहाव्या शतकात. तोवर उच्चार मुखोद्गतच चालत आले होते.

तिसरे खलिफा उस्मान यांनी इ.स. 650च्या सुमारास प्रमाण प्रती करवून निरनिराळ्या शहरांत पाठवल्या. त्या लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या. बे (ब) आणि ते (त) या अक्षरांत फरक दाखवणारे नुक्तेही, म्हणजे ठिपकेही, क्वचितच असत. ज्याला पाठ होते त्याचे काही अडत नव्हते. अडले ते अरबी मातृभाषा नसलेले लोक इस्लाममध्ये आल्यावर. अरबीत शब्दाचा अंत्यस्वर चुकला तर कर्त्याचे कर्म होते!

परंपरा सांगते की बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली यांनी स्वरांसाठी रंगीत ठिपके आणले. आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी शब्दकोशाची अक्षरे कंठापासून ओठांपर्यंतच्या क्रमाने लावली, आणि त्यांचे इराणी शिष्य सीबवैही यांनी 16 उच्चारस्थाने नोंदवली. तजवीदची मुळे मला इथेच, वैयाकरणांच्या या कामात दिसतात. नूनचा नियमच पाहा: स्वररहित नून (न) नंतर बे आला की नूनचा मीम (म) होतो. ‘अंबर’ म्हणताना आपला अनुस्वारही तेच करतो. फरक इतकाच की तजवीदमध्ये त्या अनुनासिकाची लांबीही ठरलेली आहे.

दहाव्या शतकात बगदादचे इब्न मुजाहिद यांनी सात मान्य पाठ, म्हणजे कुराण म्हणण्याच्या पद्धती, निश्चित केले. त्यांचेच समकालीन खाकानी यांची पठणावरची कविता तजवीदवरची पहिली स्वतंत्र रचना मानतात. दमास्कसच्या इब्न अल-जझरी (1350–1429) यांनी उच्चारस्थाने 17 धरून नियम पद्यात बांधले; विद्यार्थी ते आजही पाठ करतात.

1924च्या कैरो आवृत्तीने त्या सातांपैकी कूफ्याच्या आसिम यांचा, त्यांचे शिष्य हफ्स यांनी सांगितलेला पाठ जगभर पोचवला. मोरोक्को, अल्जीरियात मात्र वर्श यांनी सांगितलेला वेगळा पाठ टिकून आहे. 1961मध्ये इजिप्तचे महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित झाले. तरी शिकवण्याची इजाजत हवी असेल, तर गुरूला सगळे कुराण म्हणून दाखवावे लागते, आणि त्या गुरूची परंपरा थेट प्रेषितांपर्यंत नावानिशी सांगितली जाते.