रेडॉनचा 148: एका आकड्याची पार्श्वभूमी

किचनच्या ग्रॅनाइट ओट्यातून रेडॉन, म्हणजे दगडमातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू, येतो का, हा प्रश्न पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतो. ‘148 च्या खाली असेल तर सेफ’ असं कुणीतरी ठोकून देतं आणि विषय मिटतो. गोंधळ या आकड्याचाच आहे.

सुरुवात खाणींतून झाली. जर्मनी आणि बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातला भाग) सीमेवरचे खाणकामगार छातीच्या दुखण्यानं अकाली जातात, ही नोंद सोळाव्या शतकातली; ते दुखणं म्हणजे फुफ्फुसाची घातक गाठ, हे 1879 मध्ये मांडलं गेलं. त्यामागे रेडॉन होता, हे पुढे कळलं. अमेरिकेत घरांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते 1984 मध्ये. पेनसिल्व्हेनियात बांधकाम चालू असलेल्या अणुवीज केंद्रात एक कर्मचारी किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राजवळ आला की अलार्म वाजायचा. केंद्रातली अणुभट्टी तेव्हा सुरूच झालेली नव्हती. किरणोत्सर्ग तो घरून, तिथल्या रेडॉनमुळे, अंगावर घेऊन येत होता.

दोन वर्षांत अमेरिकेनं हवेच्या लिटरला 4 पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला 148 बेकरेल (दोन्ही किरणोत्सर्ग मोजायची एककं), ही पातळी ठरवली. 4 च का? बहुतेक घरांत जमिनीखाली पाइप टाकून, पंखा बसवून, परवडेल अशा खर्चात रेडॉन तिथपर्यंत खाली आणता येतो म्हणून! ती ‘कृती पातळी’ होती: इथून पुढे दुरुस्ती कराच. आपल्याकडे येईपर्यंत तिची ‘सुरक्षित मर्यादा’ झाली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 100 बेकरेल सुचवला. जमत नसेल तर निदान 300 च्या वर नको. 2013 मध्ये युरोपनंही कमाल 300 च धरला. तिन्ही आकड्यांत धोक्याबरोबर सोयीचा आणि खर्चाचाही हिशेब आहे. त्याखाली फुफ्फुस सुरक्षित, असं त्यातला एकही सांगत नाही.

युरोपातल्या 13 अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष 2005 मध्ये आला: दर 100 बेकरेलमागे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो आणि ज्याखाली धोका नाही अशी पातळी सापडत नाही. बातम्यांत हे ‘16 टक्के’ फार गाजले. पण 16 टक्के कशाचे? ज्याच्या-त्याच्या मूळ धोक्याचे. कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंतचा धोका शून्य रेडॉनला सुमारे 0.4 टक्के, 400 बेकरेलला 0.7. ओढणाऱ्याचा 10 टक्क्यांवरून 16. खरी भीती या दुसऱ्या ओळीत आहे, आणि नेमकी तीच कुणी फॉरवर्ड करत नाही.

पुण्याखालचा काळा पाषाण युरेनियमच्या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा गरीब. ओट्याचा वाटाही सहसा किरकोळच. घरातला बराचसा रेडॉन जमिनीतून, जोत्याच्या भेगांतून वर येतो. म्हणून सातव्या मजल्यापेक्षा तळमजल्याची, दिवसभर एसी लावून बंद ठेवलेली खोली आधी तपासावी. त्यासाठी प्लास्टिक फिल्मची छोटी डबी तीनेक महिने टांगतात, मग फिल्म कॉस्टिक सोड्यात बुडवून किरणोत्सर्गानं उमटलेले ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. जानेवारीत खिडक्या लावून घेतलेला आकडा आणि मेमध्ये त्या सताड उघड्या ठेवून घेतलेला, एकाच खोलीचे असूनही जुळत नाहीत.