स्किपवेटिंग आणि क्लेम: सर्व्हिस वर्कर बदलताना कोणती ओळ काय करते

सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी, वेब ॲपची पाने आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसणारी जावास्क्रिप्ट फाइल. तिच्यात दोन ओळी जवळजवळ नेहमी जोडीने आढळतात: इन्स्टॉल घटनेच्या हाताळणीत स्किपवेटिंग आणि ॲक्टिव्हेट घटनेच्या हाताळणीत क्लायंट्स.क्लेम. ऐरोली किंवा महापे येथील एखाद्या टीमच्या कोड रिव्ह्यूमध्ये ही दुसरी ओळ कशासाठी आहे असे विचारले, तर 'तिच्याशिवाय आधीपासून उघडे असलेले टॅब नव्या वर्करकडे जात नाहीत' असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. ते काम स्किपवेटिंग एकटेच करते आणि क्लेमचा संबंध निराळ्याच प्रसंगाशी आहे.

उदाहरणासाठी वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील कांदा-बटाटा विभागातील आडत्यांकरिता तयार केलेले एक वेब ॲप कल्पनेत घेऊ. पहाटे गाड्या लागल्या की मेहताजी (गाळ्याचा हिशोब लिहिणारे) आवक नोंदवतात आणि माल विकला गेल्यावर वजन, भाव, हमाली आणि तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी तयार करतात. गाळ्यातील संगणकावर आवक आणि पट्टी असे दोन टॅब दिवसभर उघडे राहतात. मध्येच नेटवर्क गेले तरी नोंदी अडू नयेत म्हणून ॲपला सर्व्हिस वर्कर जोडलेला आहे.

आता सर्व्हरवर ॲपची नवी आवृत्ती चढवली गेली. वर्करच्या कक्षेतील (तो सांभाळतो त्या पत्त्यांतील) एखादे पान पुढच्या वेळी उघडले जाते तेव्हा ब्राउझर वर्करची फाइल पुन्हा मागवतो, तिची जुन्या फाइलशी बाइटनिहाय तुलना करतो आणि एका बाइटचाही फरक आढळला तर नवा वर्कर इन्स्टॉल करतो. (२०१८ मधील क्रोम ६८ पासून या तपासणीत मुख्य फाइलसाठी एचटीटीपी कॅश, म्हणजे ब्राउझरने आधी साठवलेली प्रत, मुळातच बाजूला ठेवली जाते, त्यामुळे 'सर्व्हरच्या कॅश हेडरमुळे वर्कर अडकला' ही जुनी तक्रार आता सहसा लागू पडत नाही.) मात्र इन्स्टॉल झालेला नवा वर्कर लगेच कामाला लागत नाही. जुन्या वर्करच्या ताब्यातील एकही पान उघडे आहे तोवर तो वेटिंग अवस्थेत थांबून राहतो. एकच टॅब असला आणि तो रीलोड केला, तरीही ही प्रतीक्षा संपत नाही, कारण नव्या पानाचे उत्तर येऊ लागेपर्यंत ब्राउझर जुने पान सोडत नाही आणि तेवढ्या काळात जुन्या वर्करकडे एक पान शिल्लकच राहते. गाळ्यातील दोन्ही टॅब बंद होतील, किंवा ॲपबाहेरच्या एखाद्या पत्त्यावर जातील, तेव्हाच नव्या वर्करची पाळी येईल. ही व्यवस्था हेतुपुरस्सर आहे: एका वेळी ॲपची एकच आवृत्ती चालावी, निम्मे पान जुने आणि निम्मे नवे अशी अवस्था येऊ नये, असा तिचा उद्देश आहे.

स्किपवेटिंग ही प्रतीक्षा मोडते. ते बोलावले की इन्स्टॉल पूर्ण झालेला वर्कर थेट ॲक्टिव्हेट होतो, आणि सर्व्हिस वर्करच्या प्रमाणित तपशिलानुसार ॲक्टिव्हेट होतानाच त्या रजिस्ट्रेशनच्या (ब्राउझरमधील त्या वर्करच्या नोंदणीच्या) ताब्यातील प्रत्येक पान नव्या वर्करकडे सोपवले जाऊन तेथे कंट्रोलरचेंज, म्हणजे पानाचा ताबा असलेला वर्कर (कंट्रोलर) बदलल्याची, घटना घडते. म्हणजे आवक आणि पट्टी हे दोन्ही टॅब कोणीही रीलोड न करता, क्लेमची ओळ नसतानाही, नव्या वर्करच्या हाती जातात.

मग क्लेमला काय उरते? ज्या पानांवर या वर्करचा ताबा नाही, ती पाने. यातील सर्वांत नेहमीचा प्रसंग पहिल्या भेटीचा आहे: मेहताजींनी ॲप प्रथमच उघडले तेव्हा पान नेटवर्कवरून आले, वर्कर नंतर इन्स्टॉल होऊन ॲक्टिव्हही झाला, तरी ते पान कंट्रोलरविनाच राहते आणि पुढच्या वेळी उघडल्यावरच वर्करकडे जाते. क्लेम त्याला तेथल्या तेथे ताब्यात घेते. शिफ्ट दाबून रीलोड केलेले पान किंवा अधिक व्यापक कक्षेच्या दुसऱ्या वर्करकडे असलेले पान हेही त्याच गटात मोडते. शिवाय क्लेम करण्याचा अधिकार केवळ ॲक्टिव्ह वर्करला असतो. थांबलेल्या वर्करने ते बोलावले तर त्रुटी येते, त्यामुळे क्लेमने प्रतीक्षा कमी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. थोडक्यात, पहिल्या भेटीत कोणासाठी थांबायचेच नसल्याने स्किपवेटिंग निष्क्रिय असते आणि क्लेम काम करते; अपडेटच्या वेळी स्किपवेटिंग काम करते आणि क्लेमला बहुधा काही उरत नाही. दोन्ही ओळी एकत्र लिहिल्यामुळे श्रेय आणि दोष कोणाचा हे कळेनासे होते, एवढेच.

दोष बहुतांशी स्किपवेटिंगच्या पदरी पडतो. पट्टीचा टॅब सकाळपासून जुन्या जावास्क्रिप्टवर चालू आहे आणि छपाईच्या भागाची फाइल, जिच्या नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा संकेत) आहे, अजून उतरवलेली नाही. दरम्यान नवा वर्कर ॲक्टिव्हेट झाला, त्याने जुनी कॅश पुसली आणि सर्व्हरवरही ती फाइल आता नाही. मेहताजींनी छपाईचे बटण दाबले की पडदा कोरा होतो. हा बिघाड निदान दिसतो तरी. समजा नव्या आवृत्तीत हमाली आणि तोलाई यांची एकच रक्कम दोन रकान्यांत विभागली आहे. जुने पान जुन्याच रचनेत नोंद साठवते आणि सर्व्हरकडे नोंदी पाठवणारा नवा वर्कर ती नव्या रचनेने वाचतो, तर पट्टीवरील आकडा गुपचूप बदलू शकतो. पैशाच्या हिशोबाच्या ॲपमध्ये इन्स्टॉल घटनेत विनाअट स्किपवेटिंग लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हिस वर्कर तयार करून देणाऱ्या वर्कबॉक्स या साधनात स्किपवेटिंग आणि क्लेम हे दोन्ही पर्याय मुळात बंद असतात, हे त्या दृष्टीने योग्यच आहे. व्हीट या बिल्ड साधनाच्या व्हीट-पीडब्ल्यूए प्लगइनमध्ये मात्र 'ऑटोअपडेट' निवडले की दोन्ही एकदम सुरू होतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा नवा वर्कर वेटिंग अवस्थेत आला की पानावर 'नवी आवृत्ती तयार आहे' अशी पट्टिका दाखवावी, वापरकर्त्याने संमती दिल्यावर पानाने त्या वर्करला संदेश पाठवावा, वर्करने तो मिळाल्यावर स्किपवेटिंग बोलवावे आणि पानाने कंट्रोलरचेंज घडताच स्वतःला रीलोड करावे, ही पद्धत सुरक्षित आहे. वर्करच्या फाइलमध्ये क्लेमही असेल, तर याच पद्धतीत एक खाच आहे. क्लेममुळे पहिल्या भेटीतही कंट्रोलरचेंज घडते आणि पहिलीच नोंद टंकत असलेल्या मेहताजींचे पान कारण नसताना रीलोड होऊन अर्धवट भरलेला अर्ज जातो. म्हणून पान सुरू होतानाच कंट्रोलर होता की नव्हता हे नोंदवून ठेवावे, आणि तो आधीपासून असेल तरच रीलोड करावे. संमती एका टॅबमध्ये दिली गेली तरी कंट्रोलर सगळ्या टॅबमध्ये बदलतो. तेव्हा रीलोडपूर्वी प्रत्येक टॅबने आपला अपुरा मसुदा साठवून ठेवणे आवश्यक आहे.

पहिल्या भेटीतच नेटवर्क जाण्याची शक्यता असेल तर क्लेम जरूर ठेवावे. त्याचा धोका तुलनेने लहान आहे, कारण नेटवर्कवरून आलेले पान आणि वर्कर हे सहसा एकाच आवृत्तीचे असतात. हा सारा फरक स्वतः पडताळून पाहायचा असल्यास क्रोमच्या डेव्हलपर साधनांतील 'अपडेट ऑन रीलोड' ही खूण आधी काढावी. ती असेपर्यंत प्रत्येक रीलोडला नवा वर्कर सक्तीने बसवला जातो, वेटिंग अवस्था दिसतच नाही, आणि स्किपवेटिंगची ओळ असली काय नि नसली काय, दोन्ही वेळा निकाल सारखाच येतो.