रेसलमेनियाची अखेरची लढत कोणाची? : पार्श्वभूमी

३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया, म्हणजे आजच्या 'डब्ल्यूडब्ल्यूई' या कंपनीचा आधीच निकाल ठरवून रंगवल्या जाणाऱ्या कुस्त्यांचा सर्वांत मोठा वार्षिक सोहळा, झाला, तेव्हा बाहेरगावच्या प्रेक्षकांना तो प्रामुख्याने सभागृहांतल्या पडद्यांवर पाहावा लागला होता. १९८७ साली पॉन्टिअॅक सिल्व्हरडोममध्ये ९३,१७३ प्रेक्षक आल्याचा जो आकडा जाहीर झाला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र गेल्या दशकभरात या सोहळ्याभोवती सर्वांत मोठा झगडा झाला आहे तो अखेरची, म्हणजे सर्वांत मानाची लढत कोणाला द्यायची, यावरून.

त्याची ठिणगी २०१४ च्या जानेवारीत पिट्सबर्गला पडली. त्या वर्षीच्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे ज्या तीस मल्लांच्या लढतीचा विजेता रेसलमेनियात विजेतेपदासाठी लढतो तिच्यात, लोकांचा सर्वांत लाडका मल्ल डॅनियल ब्रायन उतरवलाच गेला नाही. तिसावा आणि शेवटचा स्पर्धक म्हणून एरवी सगळ्यांना प्रिय असलेला मुखवटाधारी मल्ल रे मिस्टिरिओ बाहेर आला, तेव्हा केवळ तो 'दुसरा कोणीतरी' होता म्हणून त्याचीही हुर्यो उडवली गेली. अखेर आखणी बदलली आणि ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये त्या लाडक्या मल्लाने सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही लढती जिंकल्या. त्याच फेब्रुवारीत कंपनीची मासिक वर्गणीची वाहिनी सुरू झाली होती, ही बाब दुय्यम नाही. पुढच्या वर्षीच्या रंबलचा निकाल रुचला नाही, तेव्हा वर्गणी रद्द करण्याची हाक ट्विटरवर घुमली. नाराजी व्यक्त करण्याचे नवे साधन प्रेक्षकांच्या हाती आले होते.

तरीही २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे अखेरची लढत रोमन रेन्स या एकाच मल्लाकडे राहिली. त्याला नायक म्हणून पुढे केले जात होते आणि मैदाने त्याची हुर्यो उडवत होती. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला खलनायक केले गेले, तेव्हा कुठे हा पेच सुटला. मात्र २०२३ साली लॉस एंजेलिसजवळ तेव्हा विजेता असलेल्या त्याच्या हातून आव्हानवीर कोडी ऱ्होड्स हरला आणि ती निराशा वर्षभर साचत राहिली.

म्हणूनच २०२४ चा निर्णय इतका जिव्हारी लागला. आव्हानवीर सलग दुसऱ्यांदा रंबल जिंकला होता. पण २ फेब्रुवारीला बर्मिंगहॅम, अलाबामा येथे त्याने रेसलमेनियातली विजेत्यासमोरची जागा आपण होऊन सोडल्याचे दाखवले गेले. एकेकाळचा मल्ल आणि आता बडा चित्रपटतारा असलेला, काही दिवसांपूर्वीच डब्ल्यूडब्ल्यूईच्या मालक कंपनीच्या संचालक मंडळावर आलेला 'द रॉक' ड्वेन जॉन्सन रिंगमध्ये आला, दोघांत काही बोलणे झाले आणि रंबलविजेता बाजूला झाला. त्या प्रसंगाच्या यूट्यूबवरील चित्रफितीवर नापसंतीचा पाऊस पडला. ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या कार्यक्रमात आव्हानवीराने आपली जागा परत मागितली आणि चित्रपटतारा त्याच्या विरोधात उभा राहिला.

हे सारे आधीपासूनच ठरलेले होते, असे आजही काही जण सांगतात. तो दावा पटत नाही, कारण आधी ठरवलेल्या कथेत रंबलविजेत्याला इतक्या केविलवाण्या रीतीने बाजूला सारण्याचे प्रयोजन दिसत नाही. तोडगा मात्र खरोखर कुशल होता. २०२० पासून सोहळा दोन रात्रींचा झालेला असल्यामुळे फिलाडेल्फियात पहिल्या रात्रीची अखेरची लढत जोडीची ठेवून चित्रपटताऱ्याला तिथे सामावता आले. तिच्या निकालावरच दुसऱ्या रात्रीच्या लढतीचे नियम अवलंबून ठेवले गेले. ७ एप्रिलला आव्हानवीराने १,३१६ दिवसांची विजेतेपदाची कारकीर्द संपवली आणि मैदानाने त्याला डोक्यावर घेतले.

२०२५ च्या लास वेगासमधील सोहळ्यात जॉन सीना या ज्येष्ठ मल्लाने दुसऱ्या रात्रीच्या अखेरच्या लढतीत सतरावे विश्वविजेतेपद मिळवले. तरी त्या रात्रीवर बरीच टीका झाली. ज्या चित्रपटताऱ्याने मार्चच्या पहिल्या दिवशी टोरंटोत त्या लढतीची कथा पेटवली होती, तो लास वेगासला फिरकलाच नाही, हा तिच्यातला एक मुख्य आक्षेप होता.