पालीचे डोळे, सापसुरळीचे गोत

पुण्यातल्या घराघरांत ट्यूबलाइटमागे दबा धरून बसणाऱ्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि त्यावरची धूळ ती जिभेने पुसते. मेक्सिकोपासून पनामापर्यंत सापडणाऱ्या उष्णकटिबंधीय निशासरड्यांचे डोळेही असेच, बिनपापणीचे. त्यांच्या वर्गीकरणाचा बराचसा घोळ इथूनच सुरू झाला.

लेपिडोफायमा ही त्यांची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पॅरिसच्या संग्रहालयातल्या ऑग्युस्त द्युमेरिल यांनी 1851 मध्ये मांडली. बारीक खवल्यांमधून डोकावणाऱ्या मोठ्या, खरखरीत खवल्यांच्या रांगा आणि पिवळे ठिपके त्यांनी टिपले आणि जातीचे नाव ठेवले लेपिडोफायमा फ्लॅविमॅक्युलेटम. दिसले तेच नावात, रात्रीचा उल्लेखही नाही.

‘रात्र’ चिकटली ती कॅलिफोर्नियातल्या भाईबंदांमुळे. यानोश झांटुश हा हंगेरीतून परागंदा झालेला, अमेरिकी सैन्यात शिरलेला वल्ली. फोर्ट तेहोनच्या छावणीतून तो प्राण्यांचे नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेला धाडत असे. तिथल्या स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याच्या नावावरून झांटुशिया प्रजाती केली आणि कुळाचे नावही त्यावरूनच पडले. द्युमेरिल यांची प्रजाती जुनी, तरी कुळाच्या नावाचा मान धाकटीला! झांटुशियाची बाहुली उभी, मांजरासारखी. म्हणून हा प्राणी निशाचर असणार असे धरून चालले. प्रत्यक्षात निशासरडे दिवसाही हिंडतात-फिरतात, फक्त सालीखाली, ओंडक्याखाली, दगडांच्या फटीत. दिसत नाहीत, एवढेच.

डोळ्यांवरून काहींनी त्यांना पालींच्या जवळ बसवले, काहींनी इतर सरड्यांकडे ढकलले. डीएनए तपासल्यावर मात्र त्यांचे जवळचे नातलग आफ्रिकेतले काटेरी शेपटीचे सरडे निघाले आणि त्यांच्यासोबत सापसुरळ्या. म्हणजे भिंतीवरच्या पालीपेक्षा अंगणातली, चांगली पापण्यांची सापसुरळी त्यांना जवळची. आपल्याकडेही असे झाले आहे: रत्नागिरीची एक पाल 1963 मध्ये टेराटोलेपिस या वेगळ्या प्रजातीत नोंदली गेली, पण 2008 च्या डीएनए अभ्यासानंतर ती घरातल्या पालींच्याच हेमिडॅक्टिलस प्रजातीत आली.

प्रजातीपर्यंत हे जुळले, पण जाती ठरवताना खरी पंचाईत होते. कोस्टा रिकातली लेपिडोफायमा रेटिक्युलेटम ही जात एडवर्ड टेलर यांनी 1955 मध्ये नोंदवली. तिच्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्ले होतात. फ्लॅविमॅक्युलेटमच्याही दक्षिणेकडच्या काही समूहांत तोच प्रकार. आपसात प्रजनन करतात ते एका जातीचे, ही व्याख्या इथे लावायची कुणाला? मग खवले मोजायचे, गुणसूत्रे पाहायची आणि ठरवायचे.